सायफिनचा डावा हात

मित्रांनो, मी फळीवर बसवलेला एक जुना माईक आहे. माझ्या तोंडावरची जाळी चेपली आहे आणि माझी लांब काळी वायर वेटोळं करून माझ्याच शेजारी ठेवली आहे. समोर उदबत्ती असते. दर गुरुवारी मला ताजा हार मिळतो. एवढा मान मिळत असताना हा रडतो कशाला, असं तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. थायलंडातल्या खोन केनच्या बाजारातून एका फडमालकाने मला उचललं आणि तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. भातकापणी संपली की आमचा मोरलाम ही लोकगीतं गाणाऱ्यांचा फड विहारांच्या जत्रांना निघायचा. तेलाच्या पिंपांवर फळ्या टाकल्या की रंगमंच तयार. बांबूच्या नळ्यांचा खेन वाजू लागला की लोक चटया पसरून बसायचे आणि गायिका मला उजव्या हातात घ्यायची.

आमच्या फडाची एक रीत होती. गाण्याआधी प्रत्येक जण खेनला, ढोलाला आणि मला हात जोडायचा. ज्याच्यावर पोट चालतं तो गुरू, आणि गुरूला कधी ओलांडायचं नाही. जुन्या गायिका मला वागवायला केव्हाच शिकल्या होत्या, त्यामुळे या रीतीचा त्यांना जाच नव्हता. जाच झाला तो सायफिनला.

सायफिन फडात नवी आलेली, शेतकऱ्याची पोर. गळा असा, की तालमीत ती मांडी घालून गायला लागली की स्वयंपाकी चुलीवरचा भात विसरायचा. पण रंगमंचावर चार पावलं टाकली की माझी वायर तिच्यापुढे आडवी पडायची. आता ती ओलांडायची कशी? वायर म्हणजे माझीच शेपूट. ती वळून दुसरीकडून जायची, तर वायर तिकडेही आडवी. खुंट्याभोवती फिरून फिरून वासरू स्वतःला गुंडाळून घेतं, तशी तिची गत झाली. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून तिने चालणंच सोडलं. खांबासारखी एका जागी उभी राहून गायची. सूर तोच होता, पण लोक मधूनच उठून भाजलेली कोंबडी खायला जाऊ लागले.

मालक मला पुसता पुसता तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "नुसतं उभंच राहायचं असेल तर मी इथे रेडिओ ठेवतो. तो जेवायला तरी मागत नाही."

मग तिच्याच गावची जत्रा आली. आमच्याकडे गाणं आवडलं की माणसं हार घेऊन रंगमंचाच्या काठाशी येतात. गायिकेने गात गात तिथवर जायचं आणि वाकून तो गळ्यात घालून घ्यायचा. सायफिनच्या आईने सकाळपासून बसून मोगऱ्याचा हार ओवला होता. बाई ठेंगणी. गर्दीतून वाट काढत ती उजव्या कोपऱ्याशी आली आणि तिने हार दोन्ही हातांनी उंच धरला. सायफिन मधोमध उभी होती, आणि दोघींच्या मध्ये माझी वायर पडली होती. सायफिनने एक पाय उचलला आणि परत ठेवला. तिचा तळवा घामाने भिजला होता, ते फक्त मला कळत होतं. गाणं संपेपर्यंत आईचे हात वरच होते. मग तिने हार कोपऱ्यातल्या खांबाला अडकवला आणि गर्दीतून घरी निघून गेली. मला पाय असते तर मी स्वतःहून बाजूला झालो असतो, मित्रांनो.

त्याच जत्रेत मालकाने सांगून टाकलं, की हंगाम संपेपर्यंत चालायला शिकली तर ठीक, नाहीतर भाताच्या लावणीला घरी. सायफिन रंगमंचामागे बसून रडली. मी पेटीत होतो, पण ऐकणं हाच माझा धंदा असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

फडात खामपुन मावशी नावाची सर्वांत जुनी गायिका होती. दात पडले तसं तिचं गाणं सुटलं, जीभ मात्र शाबूत होती. एका दुपारी ती सायफिनला रिकाम्या रंगमंचावर घेऊन आली.

"म्हैस राखलीस का गं कधी?"

"लहानपणापासून."

"मग दावं ओलांडून चालायचीस?"

"ओलांडायचं कशाला, मावशी? दावं हातातच असायचं."

मावशी हसलीसुद्धा नाही. तिने फळीवरची माझी वायर उचलली आणि सायफिनच्या डाव्या हातात दिली. "मग याला भुईवर का टाकतेस? गुरू म्हणतेस ना? हाताला धरून ने त्याला."

त्या दुपारपासून माझे दिवस पालटले. सायफिनचा डावा हात माझी ढील गोळा करायचा, पुन्हा सोडायचा, मनगटाच्या झटक्याने वेटोळं बाजूला सारायचा. वळायचं असलं की आधी मी वळायचो, मग ती. म्हशीला तळ्यावर नेणारी मुलगी काही पायांकडे बघत चालत नाही. सायफिनही आता समोर बघू लागली. लोक कोंबडी हातात घेऊन परत चटईवर येऊ लागले आणि मालकाने रेडिओचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तिच्या गावची जत्रा. आई त्याच कोपऱ्यात, तसाच हार घेऊन उभी होती. सायफिन गात निघाली. मी तिच्याबरोबर, वायर डाव्या हातात. काठापासून एक हातभर अंतर राहिलं आणि माझी वायर संपली. ती ताणली गेली, मागे हिसका बसला. आता ही थांबणार, असं मला वाटलं.

ती थांबली नाही. मला धरलेला हात तिने मागे लांब केला, काठाशी गुडघे टेकले आणि आईपुढे डोकं वाकवलं. गाण्याची एक ओळ मध्येच राहिली होती. ती तिने माझ्याशिवाय म्हटली. मागच्या चटयांवर नुसता खेन ऐकू आला. ती ओळ आईने ऐकली, आणि मी, हातभर लांबून.

आईने हार घातला आणि ती म्हणाली, "वर्षभर लागलं तुला इथवर यायला."

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही दोघं गावोगाव चाललो. मग बिनवायरचे माईक आले. माझा राग नाही त्यांच्यावर. सायफिन आता हवी तिथे जाऊ शकत होती, थेट चटयांपर्यंतसुद्धा. मला कुणी अडगळीत टाकलं नाही. गुरू म्हणून फळीवर बसवलं. मान मिळाला, हात गेला.

आता सायफिनचे केस पांढरे झाले आहेत. अंगणात ती मुलींना शिकवते, मला फळीवरून सगळं दिसतं. बिनवायरचा माईक उजव्या हातात घेऊन ती चालून दाखवते, आणि वळताना तिचा डावा हात आपोआप उठतो. नसलेली ढील गोळा करतो, नसलेलं वेटोळं बाजूला सारतो. मुलीही तसाच हात उचलतात. ही सायफिनबाईंची अदा आहे, असं त्यांना वाटतं. एकीने विचारलंही, की हा हात असा कशाला. सायफिन म्हणाली, "सवय गं," आणि तिने फळीकडे पाहिलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी म्हातारं फळीवर बसवलेलं असेल. एखादी वस्तू असेल, नाहीतर माणूसही असेल. त्याला हात जोडाच, पण मग खाली उतरवा, थोडं चालवून आणा. मानाने पोट भरतं, जीव रमत नाही. माझ्या अंगावर गुरुवारचा हार आहे, आणि मी अजून त्या डाव्या हाताची वाट बघतो.