काका पुसले, ट्रे राहिला

मित्रांनो, मी एक जुनं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण सांगितलं तरी "हे कुठलं?" असंच तुम्ही विचाराल. सिनेमातला नट कड्यावर लोंबकळतो तेव्हा त्याच्या कमरेला दोर असतो. तो दोर पुसायचा, खाली दरी लावायची, दोन ठिकाणची चित्रं एकजीव करायची, हे माझं काम. ते नीट झालं तर कोणालाच दिसत नाही. बिघडलं की मात्र माझी आठवण निघते.

माझा जन्म एका विद्यार्थ्याच्या खोलीत झाला. त्याने माझी आतली सगळी रचना जगापुढे उघडी ठेवली. ज्याला जमेल त्याने सुधारावी. त्यामुळे मला आईबाप शेकड्याने आहेत. त्यांतले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत. मध्यंतरी काही वर्षं तर माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही. लोक 'फुकट ते पौष्टिक' म्हणून मला घरी नेतात आणि पहिल्याच अडचणीला 'फुकटचंच ते!' म्हणतात.

एका छोट्या स्टुडिओत काम करणारी एक मुलगी माझ्यावरच हे काम शिकली. घरी तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून माझीही ती ताईच. तिच्या लग्नानंतर वर्षभरात तिचे बाबा आणि वरच्या मजल्यावरचे काका यांचं गच्चीच्या किल्लीवरून वाजलं. किल्ली एक, मजले दोन. बोलणं बंद झालं. ताई माहेरी आली होती तेव्हा बाबा तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"तू दोर पुसतेस ना? माणूस पुसता येतो?"

"कोण?"

"तुझा काका. लग्नाच्या व्हिडिओतून. आणि झालं की जुना व्हिडिओ टाकून दे."

"बाबा, एका किल्लीपायी?"

"किल्लीचं नाव काढू नकोस. फक्त त्याला काढ. बाकी लग्न जसंच्या तसं राहू दे."

आई आतून म्हणाली, "करून दे गं बाई. नाहीतर उद्या मला पुसायला सांगतील."

ताईने व्हिडिओतल्या एकेका चित्रात काकांभोवती रेषा आखायला घेतली. पंचाईत अशी, की काका एका जागी थांबतच नव्हते. बाकीचे नातेवाईक बसले ते बसले. काका मात्र खुर्च्या ओढतायत, थोरल्या आत्याला धरून पंख्याखाली नेतायत, पाणी फिरवतायत. अख्ख्या लग्नात कामाचा माणूस एकच होता आणि नेमका तोच पुसायचा होता. या कामात माझा दोनदा जीव गेला, म्हणजे मी मधेच बंद पडलं. ताई मला वाट्टेल ते बोलली. पण बोलून झाल्यावर नक्की काय करताना बिघडलं, तेही तिने माझ्या दुरुस्तीवाल्यांना लिहून कळवलं.

मग बाबा बघायला बसले. पडद्यावर दोन खुर्च्या आपल्या आपण चालत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. थोरली आत्या हवेला धरून पंख्याखाली गेली. पाठोपाठ ग्लासांचा ट्रे तरंगत आला. पाहुण्यांनी वर न बघताच ग्लास उचलले, कारण काकांकडे तेव्हाही कोणी बघितलं नव्हतं.

"हा ट्रे कोणी धरलाय?"

"कोणी नाही. तुम्ही फक्त काकांना काढायला सांगितलंत."

"मग ट्रेपण काढ."

"काढते. आणि आत्या? तिला कोण नेणार?"

तेवढ्यात ट्रे पडद्यावरच्या बाबांपाशी थांबला. ते घटाघटा पाणी प्यायले, रिकामा ग्लास त्यांनी परत ठेवला, आणि नसलेल्या खांद्यावर हात टाकून ते पोटभर हसले.

खुर्चीतले बाबा त्या हाताकडे बघत पुढे सरकले. मग म्हणाले, "परत आण त्याला."

मित्रांनो, मी मूळ चित्राला कधीच हात लावत नाही. पुसणं, रंगवणं, सगळं वेगळ्या चौकटींत होतं आणि त्या चौकटी मूळ चित्राला नुसत्या जोडलेल्या असतात. ताईने मूळ व्हिडिओही टाकून दिला नव्हता. तिने एक चौकट बंद केली. काका ट्रेसकट हजर! घामाघूम.

बाबांनी वरच्या मजल्यावर फोन लावला. "ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावतोय. खाली ये... नाही, खुर्च्या आणू नकोस. मी मांडतो... किल्लीचं आल्यावर बघू."

तेव्हा माझं मागणं एवढंच. कितीही राग आला तरी मूळ टाकून देऊ नका. आणि माझा जीव गेला की खुशाल शिव्या घाला, पण काय बिघडलं ते दोन ओळींत कळवाही. मला चालतं ठेवणारी माणसंही कुठेतरी ट्रे धरून उभी आहेत.