खालच्या खणातला राखीव सर्व्हर

वरच्या खणातल्या सर्व्हरला सगळे ओळखतात. मी त्याच्या खालचा, राखीव. आज जरा माझंही ऐका.

आम्ही दोघं एकाच दिवशी खोक्यातून बाहेर आलो. दोघांच्याही पोटात जावा या संगणकभाषेत लिहिलेली तीच रक्तपेढीची वेबसाइट. रुग्णालयांतल्या नर्सेस त्यावरून रक्ताच्या पिशव्या मागवतात. वरचा, म्हणजे आमचा थोरला, राबायचा आणि मी नुसता पंखा फिरवत बसायचो. तो पडला तर मी उभं राहायचं, एवढीच माझी नोकरी. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गादीसारखी माझी गत!

आमची देखभाल करणारी ताई मात्र धूळ पुसताना "कंटाळलास का रे?" असं विचारायची. थोरला अडकला की तिचा फोन वाजायचा. भरल्या ताटावरून उठून ती धावत यायची आणि हाताने काम माझ्याकडे वळवायची. मी असताना हिची अशी धावपळ व्हावी, याचं मला फार वाईट वाटायचं.

मग तिच्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तिला आई नव्हती, भावंडं नव्हती. ती तिच्या साहेबांना म्हणाली, "बाबा म्हणतायत, येणार असलीस तर फोन बंद करून ये." पण थोरला अडकला आणि ती नसली, तर नर्सेस रक्त कसं मागवणार?

काम आपोआप माझ्याकडे का वळत नाही, हे तिने मुळाशी जाऊन शोधलं. आमच्यापुढे काम वाटून देणारं एक यंत्र आहे. ते सारखं थोरल्याला विचारतं, बरा आहेस ना? उत्तरासाठी ताईनेच पूर्वी एका ओळीचं पान लिहून ठेवलं होतं: बरा आहे. थोरला आतून पार गुदमरला तरी ते पान तेच सांगायचं. मग मला कोण कशाला बोलावेल? छातीत कळा येत असताना बाबाही तिला हेच सांगत आले होते. ती हसली आणि कामाला लागली.

तिने ते पान बदललं. आता थोरल्याने साठ्यातली एक पिशवी खरोखर शोधून दाखवायची, मगच बरा म्हणायचं. नाही जमलं तर काम माझ्याकडे. नर्सने अर्धवट भरलेली मागणीही माझ्याकडे उतरत राहील, अशी सोय केली. मग खात्री करायला तिने चालत्या थोरल्याची वायरच उपटली. मी उभा राहिलो!

ऑपरेशनच्या दिवशी भर दुपारी थोरला अडकला. एका नर्सने रक्तगट त्याच्याकडे लिहिला आणि पिशव्यांची संख्या माझ्याकडे. तिला पत्ताही लागला नाही. साहेब लगबगीने आले, माझं काम सुरू असलेलं पाहिलं आणि हातातला फोन खिशात ठेवून गेले.

ताई परतल्यावर त्यांच्यावर रागावली. बाबांच्या रुग्णालयात मला निरोप का नाही दिलात?

"कळवण्यासारखं काही झालंच नाही," साहेब म्हणाले. "बाबा कसे आहेत?"

"डोळे उघडल्यावर आधी माझे हात बघितले त्यांनी, फोन आहे का म्हणून. रिकामे होते."

आता थोरला पुन्हा कामाला लागलाय आणि मी पुन्हा बसून आहे. तक्रार नाही. फक्त तुमच्याकडेही कुणी असा राखीव बसला असेल, तर सगळं सुरळीत असतानाच त्याला एकदा काम देऊन बघा. तो वाट बघतोय.