राखाडी पँट

नवी पँट अंगात चढवून ती दुकानाच्या मधोमध उकिडवी बसली. कुठेतरी शिवण कुरकुरली.

"ऊठ आधी," नणंद म्हणाली. "लोक बघतायत."

"वन्सं, मला दिवसभर असंच बसावं लागतं. मुलं खाली असतात."

"मुलं खाली असतात म्हणून आपणही खाली जायचं?"

दुकानदारानं मान वर करून पंखा न्याहाळायला घेतला. नणंद-भावजयीच्या मध्ये पडू नये, एवढं शहाणपण त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

नणंद शाळेत पर्यवेक्षिका होती. भावजयीला बालवर्गावर तिनंच चिकटवलं होतं, आणि त्या उपकाराची आठवण ती औषधासारखी देत असे, जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. आता वर्ष भरत आलं होतं. सोमवारी मुख्याध्यापिका वर्ग बघायला येणार होत्या. पसंत पडला तर नोकरी कायम, नाही तर घर. आणि घर म्हणजे दिवसा सासू, संध्याकाळी नणंद.

"ती हिरवी पँट सोमवारी माझ्या डोळ्यांसमोर यायला नको."

हिरवी पँट ढगळ होती. तिला चार मोठे खिसे होते आणि चारही खिसे कामाला लागलेले: रुमाल, खडू, कुणाचं तुटलेलं बटण, कुणाचा पडलेला दात. गुडघ्यांवर खळ वाळलेली. "शिकवायला येतेस की गवंड्याच्या हाताखाली?" असं नणंदेनं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारलं होतं. सगळे हसले होते. त्या दिवशीचा चहा नणंदेकडून होता.

"ही घे. अगदी माझ्यासारखी. फिकट राखाडी, कडक. माणूस कसा जबाबदार दिसतो."

"हिला खिसे नाहीत."

"जबाबदार माणसाला खिसे लागत नाहीत. त्याच्या हाताखाली माणसं असतात."

"माझ्याही हाताखाली चोवीस आहेत. चोविसांचीही नाकं वाहतात."

नणंदेनं दुकानदाराला पँट बांधायला सांगितली.

सोमवारी सकाळी दारातच घोटाळा झाला. साडेतीन वर्षांच्या माणसाला बाईंचा चेहरा फारसा ठाऊक नसतो. तो फार वर असतो. त्याच्या उंचीवर बाई म्हणजे पँट. "आज बाई आल्याच नाहीत," असं एकीनं जाहीर केलं आणि दोघांनी लगेच भोकाड पसरलं. खाली बसून तोंड दाखवावं तर शिवणीचा भरवसा नाही. राखाडी म्हणजेच बाई, हे वर्गाच्या गळी उतरायला मधली सुट्टी उजाडली.

त्यानंतर मुख्याध्यापिका आल्या. त्यांच्या मागोमाग, वही घेऊन, दुसरी राखाडी पँट.

"तुम्ही मुलांमध्ये बसत नाही?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

भावजय तोंड उघडणार, तोच नणंद म्हणाली, "शिस्त असावी म्हणून, मॅडम. मीच सांगितलंय."

मुख्याध्यापिकांनी काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात वर्गातलं सगळ्यात धाकटं, ज्याला सगळे पिटुकला म्हणत, ते चटईवरून उठलं. तुरुतुरु चालत गेलं आणि दोन्ही हातांनी नणंदेच्या गुडघ्याला घट्ट मिठी मारून उभं राहिलं.

"अरे वा. थेट तुमच्याकडे?"

"येतोच," नणंद म्हणाली. "आपलं माणूस कोण, ते मुलांना बरोबर कळतं."

"स्वतःच्या बाईंकडे मात्र गेला नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि पेन पुन्हा चालू लागलं.

भावजयीचं लक्ष पेनाकडे नव्हतं, पोराच्या पावलांकडे होतं. एक पाऊल दुसऱ्यावर चढलं होतं. शू लागली की प्रत्येकाची सांगायची तऱ्हा वेगळी. पिटुकला सांगत नसे. येऊन गुडघा धरी, आणि तिथून पुढे वीस आकडे मोजण्याइतकाच वेळ देई. सात झाले होते. ती पुढे झाली.

"मॅडम, त्याला जरा बाहेर..."

"तू थांब," नणंद म्हणाली, परक्यांसाठी राखून ठेवलेल्या गोड आवाजात. "मी आहे ना." तिनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला, तापलेल्या भांड्याला लावावा तसा.

"वन्सं, अहो खरंच..."

"शाळेत वन्सं नाही."

"बरं, मॅडम," भावजय म्हणाली आणि मागे सरून भिंतीशी उभी राहिली. सोळा. सतरा.

पोराची चुळबुळ थांबली. खांदे सैल पडले. चेहऱ्यावर हळूहळू गाढ समाधान पसरलं.

"बघा," मुख्याध्यापिका कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्याजवळ आल्यावर कसा शांत झाला. या, इकडे या. इथे तुमची सही हवी."

नणंद जागची हलली नाही. खालीही बघितलं नाही. तिनं भावजयीकडे पाहिलं. सबंध वर्षात पहिल्यांदाच त्या डोळ्यांत काहीतरी मागणं होतं.

भावजयीनं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.