चार आण्याचे पंचवीस

“ऐका हो ऐका! रुपयाचे आता चौसष्ट पैसे नाही, शंभर! सरकारचा हुकूम हाये!”

कटंगीच्या आठवडी बाजारात डफ बडवून बडवून चैतरामचा घसा बसला होता. सत्तावन्न साल, एप्रिलचे ऊन. कचेरीतल्या या चपराशाला नवे नाणे लोकांच्या डोक्यात उतरवायचे काम लावून साहेब स्वतः पंख्याखाली बसले होते. मुरमुरे-फुटाण्याच्या पाटीमागून जिजाबाईने त्याला हटकले.

“काहून जी, चौसष्टात का वाईट होतं?”

“दिल्लीले शंभर आवडते.”

“मंग एका आण्याचे किती?”

“सहा.”

“अन् चार आण्याचे?”

“पंचवीस.”

“सहा चोक चोवीस होते. मी अंगठाछाप हावो, पण येवढं समजते. वरचा एक कोणाच्या घरून आला?”

आजूबाजूचे दुकानदार हसले. चैतराम डफ काखोटीला मारून निघून गेला, पण तो एक पैसा आठवडाभर त्याच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला. अखेर त्याने कचेरीतल्या कारकुनाला चहा पाजून त्याचा उलगडा करून घेतला.

पुढच्या बाजारी तो धुतलेले धोतर नेसून आला आणि जिजाबाईसमोर उकिडवा बसला. तिच्याच पाटीतले फुटाणे त्याने गोणपाटावर मांडले.

“हे पाहा. एका आण्याचे खरे सव्वासहा. पण पाव पैसा कोणी पाडलाच नाही, म्हणून एकट्या आण्यावर तो बुडते. चार आणे एका जागी आले का चार पाव मिळून हा एक होते.” एका फुटाण्याचे चार तुकडे करायला तो गेला, तर त्याचा भुगाच झाला. जिजाबाई पदर तोंडाला लावून हसली. तिच्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि भर बाजारात आपण हसलो याचे तिलाच नवल वाटले. चैतरामची बायको तर बाळंतपणात कधीच गेली होती. त्या दिवशी घरी जाताना तो उगाच गुणगुणत होता.

तिसऱ्या बाजारी जिजाबाई म्हणाली, “मी विसरली जी. पुन्हा सांगा.”

त्याने पुन्हा सांगितले. मग हा रिवाजच पडला. बाजाराच्या दिवशी कचेरी सुटली की चैतराम केसांना तेल लावून यायचा, फुटाणे मांडायचा, आणि सव्वासहाचा पाढा संपला की बोलणे धानावर, पावसावर, तिच्या पोराच्या, प्रेमलालच्या, शाळेवर जायचे. एवढी बोलकी बाई हिशेबात इतकी कच्ची कशी, असे त्याला कधी वाटले नाही. प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते, ती अशी.

चैतरामच्या बहिणीला, दुर्गाबाईला, सगळे दिसत होते. “अरे, आपल्यात विधवेचा पाट लागते. एक लुगडं अन् हातभर बांगड्या, आनखी का पायजे? बोलून टाक ना!”

“पुढच्या बाजारी बोलतो,” चैतराम म्हणायचा.

पुढचे बाजार येत राहिले. सरकारने आणे गोळा करून नेले. नवा पैसा इतका जुना झाला की त्याच्या नावातला ‘नया’ही गळाला. बाजारात आता आण्याचा हिशेब कोणी विचारत नव्हते. जिजाबाई मात्र विचारायची, आणि चैतराम सांगायचा. दोघांचेही केस पिकत चालले होते.

मग प्रेमलालला भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळाले. आईला न्यायला तो आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. ही बातमी ऐकून चैतराम कचेरीतून साहेबांना न विचारताच निघाला. आज बोलायचे, काय वाटेल ते होवो.

तो पोचला तेव्हा जिजाबाईसमोर एक म्हातारा उभा होता आणि जुन्या सवयीने आण्यांतच भाव करत होता. “सात आण्याचे मुरमुरे, तीन आण्याचे फुटाने. किती झाले वो?”

“बासष्ट पैसे. अर्धा तुमाले सोडला,” जिजाबाईने पुडी बांधता बांधताच सांगितले.

चैतराम बघतच राहिला. म्हातारा गेल्यावर त्याच्या तोंडून निघाले, “तुमाले त सगळा हिशेब येते!”

“पयल्याच पावसाळ्यात आलता.”

“मंग दर बाजारी काहून विचारत होत्या?”

ती गोणपाट झटकत होती. ते थांबवून तिने सरळ त्याच्याकडे पाहिले. “सांगाले तुमी बसत होते म्हणून.”

चैतरामच्या डोक्यात आता उजेड पडला. इतकी वर्षे ती दार उघडे ठेवून बसली होती आणि आपण उंबऱ्यावर पाढे म्हणत राहिलो! शब्द ओठांवर आले. तेवढ्यात प्रेमलाल रस्त्यावरून भिलाईच्या सवयीने हिंदीतच ओरडला, “अम्मा, मैं टिकट लेता हूँ, तुम जल्दी आओ!” आणि स्टेशनाकडे धावला. पोरगा केवढा उंच झाला होता. त्याच्यासमोर, या वयात, पाटाची गोष्ट काढायची?

“काई बोलाचं हाये काय जी?” जिजाबाईने विचारले.

चैतरामने खाली सांडलेले दोन फुटाणे उचलून तिच्या पाटीत टाकले.

तिने सामानाचे गाठोडे बांधले, डोक्यावर लुगड्याच्या फडक्याची चुंबळ ठेवली आणि म्हणाली, “हात लावा.”

बाजारात ओझे उचलायला कोणीही कोणाला हात लावतो. चैतरामने दोन्ही हातांनी गाठोडे धरले, तिने पलीकडून धरले, आणि ते वर जाताना क्षणभर दोघांचे चेहरे अगदी समोरासमोर आले. तिच्या डोळ्यांत पाणी होते. गाठोडे डोक्यावर बसले. ओझे चढल्यावर बाई उभी राहत नाही, चालू लागते. ती उभी राहिली.

“चुंबळ नीट बसली काय?” चैतरामने विचारले.

“हौ. बसली,” ती म्हणाली, आणि मान न हलवता स्टेशनाच्या वाटेला लागली.