डबल बेल

"साहेबांनी काहीही विचारलं तरी तुम्ही एकच सांगायचं, मते. डबल बेल झाली, मग मी गाडी काढली. पुढे गप्प. तुम्हाला जास्त बोलायची खोड आहे."

रंगराव बसच्या मागच्या सीटवर बजरंगच्या कानाशी लागला होता. रंगराव युनियनचा माणूस. बडतर्फ झालेल्यांची अपिलं लढवण्यात आपला हातखंडा आहे, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. बजरंग मते मान डोलवत होता. खडकवासला ते मनपा या मार्गावर उभा जन्म बस चालवलेला हा माणूस आज स्वतःच्या अपिलाच्या सुनावणीसाठी त्याच मार्गावर तिकीट काढून बसला होता. मागे बसलं की गाडी इतकी खडखडते, हे त्याला आजच कळत होतं.

"बेल झालीच व्हती," तो म्हणाला. "त्यात शिकवायचं काय हाय?"

"मग झालं तर. मी शोधलेला साक्षीदारही तेच सांगणार आहे. तुम्ही परत गाडीवर, आणि तनुजाबाईंचं काय करायचं ते खातं बघून घेईल."

तनुजाचं नाव निघालं की बजरंगचं तोंड कडू व्हायचं. तनुजा गायकवाड त्याची कंडक्टर. कित्येक वर्षं दोघं एकाच गाडीवर होती. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. मागच्या दारात काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही, तो कंडक्टरच्या बेलवर भरवसा टाकून गाडी काढतो. तनुजा आधी "चला, आत व्हा" म्हणायची, लगेच बेलची दोरी ओढायची आणि गाडी हलायची. या दोघांत मिळून एकच मेंदू आहे, अशी डेपोत थट्टा चालायची. बजरंगला ती आवडायची. तनुजाचा नवरा गेला तेव्हा बजरंगच्या बायकोने, राधाने, तिच्या मुलींचे शाळेचे डबे करून दिले होते.

मग एके दिवशी कसबा पेठेतल्या यमुनाबाई मागच्या दाराने उतरत असताना गाडी हलली. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं. बजरंग दवाखान्यात बघायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "आलात? बसा. मी काही आता उठून चहा करणार नाही."

चौकशीत बजरंगने सांगितलं, बेल झाली. तनुजाने सांगितलं, मी ‘आत व्हा’ म्हणाले, पण बेल मारली नाही, आजी उतरताना दिसल्या म्हणून हात आवरला. बजरंगचा तोल गेला. "खोटारडी!" सगळ्या डेपोसमोर तो ओरडला. "पोरीसारखी वागवली तुला!" तनुजाने मान खाली घातली आणि तेच पुन्हा सांगितलं. खात्याने तिचं मानलं. बजरंग बडतर्फ झाला.

तेव्हापासून तो घरी होता. राधा भांडी घासताना त्याच्याकडे बघायची नाही, त्याला ते फार लागायचं. आज निघताना मात्र ती म्हणाली, "लोक म्हणत्यात, पिऊन चालवली व्हती गाडी. नोकरी ऱ्हाऊ द्या, पण एवढं तरी पुसून या."

बस धायरीजवळ थांबली. माणसं चढली. दारातला तरुण कंडक्टर सवयीने म्हणाला, "चला, आत व्हा."

बजरंगचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर असल्यासारखा खालचा पत्रा दाबून बसला. कानात बेलही वाजली, डबल, स्वच्छ. पण बस जागची हलली नव्हती. कंडक्टर एका बाईंना तिकीट देत होता. ते दिल्यावर त्याने दोरी ओढली आणि मग बस निघाली.

"आता डबल बेल दोन डाव झाली का?" बजरंगने विचारलं.

"एकदाच झाली की. का हो?" रंगराव म्हणाला.

पुढच्या थांब्यावर बजरंगने हाताने गुडघा दाबून धरला. "आत व्हा" ऐकताच मांडीचा स्नायू हाताखाली हलला आणि कानात पुन्हा तीच बेल झाली.

अपील ऐकणारे साहेब सभ्य होते. "बोला मते, काय म्हणणं आहे तुमचं?"

"बेल झाली नव्हती, साहेब."

रंगराव खोकला. साहेबांनी चष्मा काढला. "मग अपील कशाला केलंत?"

"अपील केलं तवा झाली व्हती."

"म्हणजे?"

"मला ऐकू आली, साहेब. अजूनबी येती. पण ती तनुजानं मारली नव्हती. सवयीनं माझ्याच कानात झाली. तिचं खरं हाय. तसं लिवून घ्या."

"लिहून घेतलं, की मग माझ्या हातात काही उरत नाही, मते."

"नाय उरलं तर नाय उरलं. लिवा."

बाहेर आल्यावर रंगराव म्हणाला, "धन्य आहे! आणखी एक असा भेटला, की युनियनला कुलूपच." आणि चहाही न घेता चालता झाला.

परतीच्या बसला मागच्या दारात तनुजाच उभी होती. त्याला बघून तिचा हात तिकिटाच्या मशीनवर थबकला. तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

"कुठे?" तिने विचारलं.

"खडकवासला."

"पुढे जागा आहे. बसा."

आधी ती दादा म्हणायची. तो मागेच बसला. साहेबांना खरं सांगून आलो, हे शब्द वाटभर त्याच्या जिभेवर होते. पण खोटारडी म्हणताना सगळा डेपो गोळा झाला होता, आणि आता एकटीच्या कानात पुटपुटायचं? त्याला स्वतःची शरम वाटली. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण या पोरीला आपण काय म्हणून बसलो, ते त्याहून जास्त सलत होतं.

तनुजा आता "आत व्हा" म्हणत नव्हती. प्रत्येक थांब्यावर ती दारातून वाकून खाली बघायची, मगच दोरी ओढायची. नवा ड्रायव्हर वैतागला होता. "ओ बाई, मुक्काम करायचाय का इथं?" तो पुढून ओरडला.

शेवटच्या आधीच्या थांब्यावर बजरंग उठला. राधाला काय सांगायचं, ते अजून सुचलं नव्हतं. तनुजा बाजूला सरली. त्याने दांडी धरून एक पाय खाली टाकला. गुडघा कुरकुरला. मग दुसरा टाकला आणि वळून पाहिलं. तनुजा त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर त्याच्या पायांवर होती. तो चार पावलं मागे सरला तरी तिने दोरीला हात लावला नव्हता.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिने आणखी एकदा खाली पाहिलं, आणि दोनदा बेल दिली.

बजरंगचा उजवा पाय रस्त्यावर दाबला गेला. या वेळी बेल झाल्यावर.