डाव्या चाकाची तक्रार

तिने जॅक चढवला, ट्रकचं पुढचं डावं चाक अधांतरी आलं, तसं दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक खडखडलं.

"सांगितलं ना, आवाज येतोय," मागून ड्रायव्हर म्हणाला. त्याची दाढी ताजी केलेली होती.

दर महिन्याला त्याचं हेच चाक दुखायचं. नवऱ्यामागे एवढी वर्षं तिने एकटीने गॅरेज चालवलं, पण इतक्या नाजूक तब्येतीचं चाक दुसरं पाहिलं नव्हतं. या खेपेला तो नऊ दिवस उशिरा आला. ते नऊ दिवस कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रस्त्यावर हॉर्न वाजला की हातातलं काम हातातच राहायचं.

चाकाच्या मधलं टोपण काढून ती थबकली. नट सुटू नये म्हणून घातलेली पिन मागच्या खेपेला तिने वळवली होती तशी नव्हती, आणि नटाच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. बेअरिंग काढून, डिझेलमध्ये धुऊन तिने एकेक रोलर उजेडात धरला. कुठे डागसुद्धा नव्हता.

"याला काही धाड भरलेली नाही," ती म्हणाली. "हे रोलर निमुळते असतात, म्हणून वरून मालाचं वजन झेलतात आणि वळणावर कडेचा रेटाही. फक्त समोर जोडीदार लागतो. एकटं बेअरिंग रेट्याने सरकत जातं."

"असं होय?" हे त्याने दर महिन्याला ऐकलं होतं.

ग्रीस भरून तिने चाक बसवलं. ते फिरवत फिरवत नट आवळला आणि मग किंचित मागे घेतला. घट्ट राहिला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक निखळतं. नवी पिन घालून तिने वळवली.

"वाटेत निखळलं असतं म्हणजे?" तिने मान वर न करता विचारलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्याचा हातखंडा होता, पण आता सोय उरली नव्हती.

"वाटेत नाही हो. पाण्याच्या टाकीपाशी नट सैल करतो. तिथून हळूहळू आणतो."

"टाकीपासून उतार आहे!" तिने पाना खाली आपटला. "पुन्हा त्या चाकाला हात लावायचा नाही."

त्याने बुटांकडे पाहत विचारलं,

"मग काय सांगून येऊ?"

तिने चिंधीला हात पुसले. गॅरेजमध्ये त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"विचारणारं कोण बसलंय इथे?" ती म्हणाली.