ट्रेलरमधलं खारं पाणी

सुलतानपूरच्या शिवारात, लिंबाच्या झाडाखाली, शैलजाबाईंचा ट्रेलर उभा होता. गाडीला जोडून न्यायचं ते जुनं फिरतं घर त्यांच्या यजमानांनी, अनंतरावांनी, निवृत्तीनंतर एका भंगारवाल्याकडून आणलं होतं. दोघांनी मिळून खूप फिरायचं, असं ठरलं होतं. पण लोणारच्या पुढे ते कधी गेलंच नाही, आणि मग अनंतराव वारले. आता विवर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना ट्रेलर राहायला द्यावा, असं बाईंच्या मनात होतं. अडचण एवढीच, की त्याच्या नळाला खारं पाणी यायचं.

नळकामासाठी त्यांनी जवळच्या बीबी गावाहून दीपकला बोलावलं.

"टाकी साफ केली का बाई?"

"कितीदा. विहिरीचं पाणी गोड, टाकीतलंही गोडच. नळातून आलं की खारट."

"मंग लाइनच सडली असन. सगळी बदलून टाकू."

दीपकने आधी पाण्याच्या पंपाला जोडलेल्या बॅटरीच्या वायरी काढल्या. मग बाकड्यांखालच्या फळ्या उचकटून जुन्या नळ्या कापायला घेतल्या. आतून त्यांच्यावर पांढरा थर चढला होता. त्याने बोट लावून चाखलं. नुसतं मीठ. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी लाइन निघाली आणि बाहेर गवतावर पडली.

झाडाखाली भाकरी सोडतोय तोच आतून आवाज आला. नळाची मूठ करकरत फिरली, थोडा वेळ गेला, परत करकरत बंद झाली.

"कोन आहे आत?"

"कोणी नाही," बाई खाली बघत म्हणाल्या. "तू जेव."

तो उठून आत गेला. नळ बंद होता. त्याने तो आणखी घट्ट आवळला आणि हात बाजूला घेतला. त्याच्या डोळ्यांदेखत मूठ हळूहळू फिरली. खाली जोडलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे नळाच्या तोंडातून पाण्याचा थेंबही येईना. मूठ परत फिरून बंद झाली. दीपक उलट्या पावलांनी बाहेर आला.

"बाई, साहेब आहेत का आतमंदी?"

"नाही रे. ट्रेलर दारात आला त्या दिवसापासून नळ असाच उघडतो. तेव्हा हे चांगले धडधाकट होते. म्हणायचे, आधीचं कोणी राहून गेलंय, राहू दे."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर आला असतास का?"

दीपकने आपली हत्यारं पिशवीत भरली. आत मूठ फिरतच होती. त्या फिरण्यात राग नव्हता. उन्हाळ्यात नळाला पाणी येणार नाही हे ठाऊक असूनही त्याची आई जाता-येता तोटी फिरवून बघायची, तसंच होतं ते. पिशवी खांद्याला लावून तो तसाच उभा राहिला.

"त्याले तहान लागली आहे बाई," तो म्हणाला. "इतके वर्षं खारं पानी आलं त्याच्या वाट्याले. ते कोन पेईन?"

त्याने विहिरीवरून कळशी भरून आणली, नळाशेजारी ठेवली, वर पेला ठेवला. "घ्या," तो म्हणाला. "गोड आहे. लाइन उद्या होईन." आणि दार ओढून घेतलं.

दोघं बाहेर बसून राहिले. बऱ्याच वेळाने कळशीत पेला बुडाल्याचा आवाज आला. मग पुन्हा, आणि पुन्हा. बाईंनी दीपकचं मनगट धरलं होतं. आवाज थांबल्यावर त्याने दार उघडलं. कळशी रिकामी होती आणि खालची फळी कोरडी ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी लाइन टाकली. पाणी गोड आलं. बाई दुपारभर नळाकडे बघत आत बसल्या, पण मूठ काही हलली नाही.

"गेलं वाटतं," बाहेर येत त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "हे गेल्यावर तेवढीच चाहूल होती मला."

पुढे ट्रेलरमध्ये पाहुणे येऊ लागले. शांत झोप लागते, म्हणायचे. दिवाळीत बाईंचा दीपकला फोन आला.

"तुझ्याकडे सगळं ठीक ना रे?"

दीपक अंगणात उभा होता. बायको छकुली शेजारी गेली होती, आई गोजरबाई त्याच्यासमोर डाळ निवडत बसली होती. घरात तिसरं माणूस नव्हतं. मोरीतल्या रांजणावरचं झाकण कोणीतरी अलगद बाजूला सारलं.

"ठीक आहे बाई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गोजरबाईने सुपातून मान वर केली नाही. "तू आणलेला पाहुना लय पानी पेते रे."

आपल्याशिवाय हे कोणाला कळलं नसेल, असं त्याला वाटत होतं.

"मंग काय करू माय?"

"करतं काय? तहानलेल्याले हाकलते का कोनी?" तिने सूप खाली ठेवलं. "घागर घे अन् जाय विहिरीवर. छकुलीले मी सांगीन समजावून."

दीपक घागर घेऊन निघाला. फाटकाशी पोचल्यावर त्याला वाटलं, मागून कोणीतरी चालत येतंय. त्याने वळून पाहिलं नाही. फाटक मात्र थोडा वेळ उघडं धरलं.